फ्लॅव्होनॉइडे व स्थूलता : झेब्रा माशावरील परीक्षणाचा इतिहास

फ्लॅव्होनॉइडे व स्थूलता : वनस्पतींची पाने, फुले, साली व फळे यांत आढळणाऱ्या, बहुधा पिवळसर रंगाच्या एका विस्तृत संयुग-वर्गास फ्लॅव्होनॉइडे म्हणतात. शरीरात वसेचा (चरबीचा) अतिरिक्त संचय होण्याच्या विकारास स्थूलता किंवा लठ्ठपणा म्हणतात. या दोहोंचा संबंध प्रयोगाने तपासण्याचे काम विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले व एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यासाठी झेब्रा मासा हा लहानसा गोड्या पाण्यातील मासा वापरात आला. लिंबातील एरिओसिट्रिन या फ्लॅव्होनॉइडाचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले परीक्षण हे या कामाचे एक ठळक उदाहरण होय. ज्या द्रव्यगटात हे संयुग मोडते, त्याला १९३६ मध्ये जीवनसत्त्वाचा मान देण्यात आला होता व १९५० मध्ये तो काढून घेण्यात आला. त्यामुळे या एका संयुगाच्या इतिहासात औषधी गुणाचा दावा कसा उभा राहतो, कशाने कोसळतो आणि पुन्हा मांडावयाचा झाल्यास त्याला कोणत्या कसोट्या लावाव्या लागतात, हे तिन्ही पाहावयास मिळते.

येथे लिंबू म्हणजे पाश्चात्त्य देशांत लेमन या नावाने ओळखले जाणारे, सिट्रस लिमॉन या जातीचे फळ होय. महाराष्ट्रात घरोघरी वापरले जाणारे कागदी लिंबू ही त्याच प्रजातीतील निराळी जाती आहे.

रासायनिक पार्श्वभूमी : फ्लॅव्होनॉइडाच्या रेणूचा सांगाडा पंधरा कार्बन अणूंचा असतो. बेंझिनाची दोन वलये तीन कार्बन अणूंच्या दुव्याने जोडलेली असतात व या दुव्यापासून बहुधा ऑक्सिजनयुक्त तिसरे वलय बनते. वलयांवरील हायड्रॉक्सिल गटांची संख्या व स्थाने, तसेच त्यांना जोडलेल्या शर्करा यांनुसार हजारो भिन्न संयुगे निसर्गात आढळतात. शर्करा जोडलेल्या रूपास ग्लायकोसाइड म्हणतात.

मोसंबी-संत्र्याच्या वर्गातील फळांमधील हेस्पेरिडीन हे फ्लॅव्होनॉइड लब्रताँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२८ मध्ये संत्र्याच्या सालीच्या आतील पांढऱ्या भागातून मिळविले. या वर्गाचा पद्धतशीर अभ्यास मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात स्वित्झर्लंडमधील बर्न येथे स्टानिस्लाव्ह कोस्टानेकी (१८६०–१९१०) यांनी सुरू केला. पिवळा या अर्थाच्या ‘फ्लाव्हुस’ या लॅटिन शब्दावरून फ्लॅव्होन हे नाव रूढ झाले.

भारतीय रसायनशास्त्रज्ञांचा या क्षेत्रातील वाटा मोठा आहे. मँचेस्टर येथे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलेले कृष्णस्वामी वेंकटरामन (१९०१–८१) यांनी फ्लॅव्होने संश्लेषणाने तयार करण्यास उपयुक्त अशी विक्रिया शोधली. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्सन बेकर यांनीही ती स्वतंत्रपणे शोधल्याने ती बेकर-वेंकटरामन पुनर्विन्यास या नावाने ओळखली जाते. वेंकटरामन हे १९३८ ते १९५७ या काळात मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागाचे प्रमुख होते व १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. रॉबिन्सन यांचेच दुसरे विद्यार्थी टी. आर. शेषाद्री (१९००–७५) यांनी प्रथम आंध्र विद्यापीठात व नंतर दिल्ली विद्यापीठात भारतीय वनस्पतींमधील फ्लॅव्होनॉइडांचे विस्तृत संशोधन केले. या पिढीच्या कामामुळे संयुग शुद्ध स्वरूपात मिळविणे व त्याची संरचना निश्चित करणे शक्य झाले. औषधी परीक्षणाच्या दृष्टीने ही पहिली अट होती. कारण अर्कात नेमके काय आहे हे ठाऊक नसताना त्याच्या गुणाचे श्रेय कोणाला द्यावयाचे, हे ठरविता येत नाही. या अटीचे महत्त्व सिट्रिनाच्या प्रकरणात दिसून आले.

सिट्रिन व ‘पी’ जीवनसत्त्व : लिंबाचा औषधी लौकिक स्कर्व्ही या रोगापासूनचा आहे. ब्रिटिश नौदलातील वैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये ‘सॉल्झबरी’ या जहाजावरील स्कर्व्हीच्या बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. सर्वांचा आहार व राहणी सारखी ठेवून फक्त उपचार बदलण्याची ही रीत पुढील सर्व परीक्षणांचा पाया ठरली. लिंबातील गुणकारी द्रव्य म्हणजे क जीवनसत्त्व (ॲस्कॉर्बिक अम्ल) होय, हे मात्र १९३० नंतरच निश्चित झाले. त्यात हंगेरियन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑल्बेर्ट सेंट-द्यॉर्डी (१८९३–१९८६) यांचा मोठा वाटा होता. सेगेद येथे पॅप्रिका या तांबड्या मिरचीपासून त्यांनी हे अम्ल विपुल प्रमाणात मिळविले. त्यांना १९३७ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कामातूनच दुसरा एक प्रश्न निघाला. केशवाहिन्यांच्या भित्ती नाजूक किंवा अतिपार्य होऊन रक्तस्राव होण्याच्या काही विकारांत शुद्ध ॲस्कॉर्बिक अम्लाचा उपयोग होत नाही. परंतु लिंबाचा रस किंवा पॅप्रिकाचा अर्क दिल्यास गुण येतो, असे सेंट-द्यॉर्डी व इश्त्वान रुस्न्याक (१८८९–१९७४) यांना आढळले. फळात क जीवनसत्त्वाखेरीज आणखी एक द्रव्य असावे, असे त्यांनी अनुमान केले. लिंबापासून त्यांनी मिळविलेल्या फ्लॅव्होनॉइडयुक्त स्फटिकी पदार्थास ‘सिट्रिन’ हे नाव व त्यातील गुणकारी घटकास ‘पी जीवनसत्त्व’ ही संज्ञा १९३६ मध्ये देण्यात आली. त्याच वर्षी व्ही. ब्रुकनर व सेंट-द्यॉर्डी यांनी सिट्रिन हे एकच संयुग नसून हेस्पेरिडीन व एरिओडिक्टिऑल या फ्लॅव्होनॉइडाचे ग्लायकोसाइड यांचे मिश्रण आहे, असे दाखविले. ही दोन संयुगे एकत्रच स्फटिकरूप घेतात याचे कारण त्यांच्या संरचनांत आहे. एरिओडिक्टिऑलाच्या एका वलयावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. हेस्पेरिडिनाच्या मूळ रेणूत त्यांपैकी एकाला मिथिल गट जोडलेला असतो. फरक एवढाच आहे.

सिट्रिनास जीवनसत्त्व म्हणावयाचे तर आहारातील त्याच्या अभावाने विकार उद्भवतो व ते दिल्याने तो नाहीसा होतो, हे प्राण्यांवर सिद्ध होणे आवश्यक होते. गिनिपिगाला मनुष्याप्रमाणेच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. म्हणून त्याची निवड झाली. स्कर्व्ही उत्पन्न करणाऱ्या आहारावर ठेवलेले गिनिपिग सिट्रिन दिल्यास अधिक काळ जगतात व त्यांच्यात रक्तस्राव कमी आढळतो, असे १९३६ मध्ये जाहीर झाले. परंतु पुढच्याच वर्षी लंडनच्या लिस्टर संस्थेतील एस. एस. झिल्व्हा यांना हा परिणाम आढळला नाही. खुद्द सेगेदच्या प्रयोगशाळेतही पुनःप्रयोग एकसारखे निष्कर्ष देईनात. सिट्रिनाचा परिणाम दिसावयास क जीवनसत्त्वाचा लेशही आवश्यक असावा, असा खुलासा तेथून १९३७ मध्ये करण्यात आला. या खुलाशाने मूळ दाव्याची बाजू अधिकच दुबळी झाली. कारण क जीवनसत्त्वाचा लेश आहारात शिरला असल्यास आयुष्य वाढण्याचे श्रेय त्या लेशाचे की सिट्रिनाचे, हे मूळ प्रयोगावरून सांगता येत नव्हते.

त्यानंतर अनेक वर्षे फ्लॅव्होनॉइडांच्या अभावाने होणारा निश्चित असा विकार कोणालाही दाखविता आला नाही. अखेर १९५० मध्ये अमेरिकेतील जीवरसायनशास्त्र व पोषणशास्त्र यांच्या संस्थांच्या संयुक्त नामकरण समितीने ‘पी जीवनसत्त्व’ ही संज्ञा वापरू नये, अशी शिफारस केली. ‘बायोफ्लॅव्होनॉइड’ हा शब्द मात्र औषधांच्या बाजारात रूढ राहिला. [⟶ जीवनसत्त्वे].

औषध म्हणून सिट्रिन मागे पडले, तरी त्याच्या घटकांचे रसायनशास्त्र थांबले नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील आर. एम. हॉरोविट्झ व ब्रूनो जेंटिली यांनी १९६० मध्ये लिंबातील एरिओडिक्टिऑल ग्लायकोसाइडाची संरचना निश्चित केली. ग्लुकोज व ऱ्हॅम्नोज यांची बनलेली रुटिनोज ही शर्करा त्यात सातव्या कार्बन अणूच्या स्थानी जोडलेली असते. हेच एरिओसिट्रिन होय. चोवीस वर्षांपूर्वी ज्याचे परीक्षण मिश्रणाच्या रूपात झाले होते, त्याची आता नेमकी ओळख पटली होती.

स्थूलतेची प्राणिरूपे : मानवी विकाराशी साम्य असलेली अवस्था ज्या प्राण्यात निर्माण करता येते, त्याला त्या विकाराचे प्रतिरूप म्हणतात. स्थूलतेच्या बाबतीत अशी प्रतिरूपे दोन मार्गांनी मिळाली. पहिला मार्ग आनुवंशिक. अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये अतिस्थूल उंदरांचा एक वाण आढळला. त्यातील सदोष जीन (जनुक) १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला व त्यापासून बनणाऱ्या हॉर्मोनास लेप्टिन हे नाव मिळाले. वसाकोशिकांमधून (चरबीच्या पेशींमधून) स्रवणारे हे हॉर्मोन शरीरातील वसेच्या साठ्याची वार्ता मेंदूस पोहोचविते. दुसरा मार्ग आहाराचा. अँथनी स्क्लाफानी व डी. स्प्रिंगर यांनी १९७६ मध्ये प्रौढ उंदरांना माणसांच्या बाजारातील गोड व स्निग्ध खाद्ये विपुल देऊन ते स्थूल होतात, हे दाखविले. रिचर्ड सर्विट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एका विशिष्ट वाणाचे उंदीर वसायुक्त आहाराने स्थूल व मधुमेहसदृश होतात, असे वर्णन केले. माणसांतील बहुसंख्य स्थूलता एखाद्या एकाच सदोष जीनामुळे नव्हे, तर आहार व राहणी यांच्या दीर्घ परिणामाने उद्भवत असल्याने दुसऱ्या मार्गास अधिक महत्त्व आले.

या पार्श्वभूमीवर लिंबातील फ्लॅव्होनॉइडाकडे पुन्हा लक्ष गेले. जपानमध्ये योशिआकी मियाके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लिंबापासून एरिओसिट्रिन वेगळे करून त्याच्या प्रतिऑक्सिडीकारक गुणाचे वर्णन केले. २००६ मध्ये वसा व कोलेस्टेरॉल यांचे आधिक्य असलेल्या आहारावर ठेवलेल्या उंदरांत एरिओसिट्रिनामुळे रक्तातील वसाद्रव्ये कमी होतात, असे त्यांनी प्रसिद्ध केले. परिणाम दिसला, परंतु तो यकृतात कोणत्या प्रक्रियेने घडतो, हा प्रश्न उरला. उंदरावरील आहार-प्रयोगास पुष्कळ खर्च, जागा व संयुग लागते. शेकडो वनस्पतिज द्रव्यांमधून निवड करावयाची तर लहान व स्वस्त प्रतिरूप हवे होते. प्रयोगांत प्राण्यांचा वापर शक्य तेथे टाळावा, त्यांची संख्या कमी करावी व त्यांच्या यातना घटवाव्यात, हे तत्त्व विल्यम रसेल व रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडले होते. त्यामुळेही कनिष्ठ पृष्ठवंशी प्राण्यांचा विचार होऊ लागला.

झेब्रा माशाचा प्रयोगशाळेतील प्रवेश : झेब्रा मासा (डानिओ रेरिओ) मूळचा भारतीय उपखंडातील आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन (पूर्वीचे आडनाव बुकॅनन, १७६२–१८२९) यांनी गंगा व तिच्या उपनद्यांमधील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात कोसी नदीतील या माशाचे वर्णन केले. सु. चार सेंमी. लांबीच्या या माशाच्या अंगावर निळसर आडवे पट्टे असतात, त्यावरून त्याला हे नाव पडले. शोभेचा मासा म्हणून तो जगभर पसरला.

प्रयोगशाळेत त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती जॉर्ज स्ट्राइसिंगर (१९२७–८४) यांनी. बूडापेस्ट येथे जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या या शास्त्रज्ञाने ऑरेगन विद्यापीठात अनेक वर्षे काम करून एकसारख्या आनुवंशिक घडणीचे झेब्रा मासे निर्माण करण्याची रीत १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते, भ्रूणाची वाढ शरीराबाहेर होते, भ्रूण पारदर्शक असल्याने त्यातील इंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी पाहता येतात व सु. तीन महिन्यांत मासा प्रजननक्षम होतो. या सोयींमुळे ट्यूबिंगेन व बॉस्टन येथील गटांनी हजारो उत्परिवर्ती मासे तपासून १९९६ च्या डिसेंबरमध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात सदतीस निबंध प्रसिद्ध केले. या माशाच्या संपूर्ण जीनसंचाचे वाचन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवाच्या सु. ७० टक्के जीनांना झेब्रा माशात किमान एक प्रतिरूप जीन आहे, असे त्यातून दिसून आले.

आहारजन्य स्थूलतेचे मत्स्य-प्रतिरूप : स्थूलतेच्या अभ्यासात या माशाची उपयुक्तता प्रथम वसाऊतकाच्या अभ्यासातून दिसली. २००९ मध्ये जॉन रॉल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्रा माशात वसाऊतक केव्हा व कोठे तयार होते आणि उपासाने ते कसे आटते, याचे तपशीलवार वर्णन केले. नाइल रेड या रंजकाने वसेचे बिंदू जिवंत माशात चमकताना दिसतात. पुढील वर्षी जपानमधील मिए विद्यापीठात तोशिओ तानाका यांच्या गटाने आहारजन्य स्थूलतेचे प्रतिरूप प्रसिद्ध केले. प्रौढ माशांचे दोन गट करून आठ आठवडे त्यांना आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्याचे खाद्य देण्यात आले. एका गटास प्रत्येक माशामागे रोज ५ मिग्रॅ., तर दुसऱ्यास ६० मिग्रॅ. म्हणजे बारापट खाद्य मिळाले. दुसऱ्या गटातील मासे स्थूल झाले, त्यांच्या रक्तद्रवातील ट्रायग्लिसराइडे वाढली व यकृतात वसा साठली. जीनांच्या कार्यातील बदल सस्तन प्राण्यांच्या स्थूलतेतील बदलांशी पुष्कळ अंशी जुळत होते.

स्थूलता मोजण्यासाठी माशाचे वजन ग्रॅममध्ये घेऊन त्याला सेंटिमीटरमधील लांबीच्या वर्गाने भागण्यात आले. बेल्जियन सांख्यिकीविज्ञ आडॉल्फ केटले यांनी १८३० नंतरच्या दशकात मनुष्यदेहासाठी वापरलेल्या निर्देशांकाचाच हा अवतार होय. निर्देशांक सोयीचा असला, तरी तो अंड्यांनी भरलेली मादी व वसेने भरलेला मासा यांत भेद करीत नाही. म्हणून त्याच्या जोडीला रक्ताची व यकृताची तपासणी आवश्यक ठरते.

हे प्रतिरूप सिद्ध होताच त्यावर वनस्पतिज द्रव्यांचे परीक्षण सुरू झाले. टोमॅटोचा एक वाण (२०११), हिरव्या चहाचा अर्क (२०१२) व युझू या जपानी लिंबूवर्गीय फळाची साल (२०१४) यांचे परिणाम त्याच गटाने प्रसिद्ध केले. ही सर्व मिश्रणे होती. एरिओसिट्रिनाच्या परीक्षणाचे वेगळेपण असे की, त्यात एकच ज्ञात संयुग वापरले होते.

एरिओसिट्रिनाचे परीक्षण : मिहो हिरामित्सु, यासुहितो शिमादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात हे परीक्षण प्रसिद्ध केले. अतिआहाराने स्थूल केलेल्या झेब्रा माशांना २८ दिवस, शरीराच्या प्रत्येक किग्रॅ. वजनामागे रोज ३२ मिग्रॅ. या प्रमाणात तोंडावाटे एरिओसिट्रिन देण्यात आले. मासा अर्ध्या ग्रॅम वजनाचा धरल्यास ही मात्रा रोज केवळ १६ मायक्रोग्रॅम होते. इतक्या अल्प संयुगावर परीक्षण होऊ शकते, हा या प्रतिरूपाचा व्यावहारिक लाभ होय.

संयुग मिळालेल्या माशांच्या रक्तातील वसाद्रव्यांची विकृती कमी झाली व यकृतातील वसाबिंदू घटले. यकृतातील हजारो जीनांचे कार्य एकाच वेळी मोजले असता कलकणूंच्या निर्मितीशी संबंधित जीन अधिक कार्यशील झालेले आढळले. कलकणू (मायटोकाँड्रिया) हे कोशिकेतील अन्नद्रव्यांचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा उपलब्ध करून देणारे घटक होत. त्यांची संख्या व आकारमान वाढल्यास यकृतातील वसा साठून न राहता अधिक प्रमाणात जळेल, असा या निष्कर्षामागील तर्क आहे. तो पडताळण्यासाठी हेपजी-२ या मानवी यकृत-कोशिकांच्या वाणावरही प्रयोग करण्यात आला. वसेचा भार घातलेल्या या कोशिकांतही एरिओसिट्रिनाने वसासंचय घटविला, तेच जीन उद्दीपित केले व कलकणूंतील डीएनएचे प्रमाण वाढविले.

या निष्कर्षांचा नेमका आवाका ध्यानात घेणे अगत्याचे आहे. त्यांत भर आहे तो रक्तातील वसाद्रव्ये व यकृतातील वसा यांवर. एरिओसिट्रिनाने लठ्ठ मासे सडपातळ झाले, असे या प्रयोगाचे सार सांगणे यथार्थ होणार नाही. यकृतातील वसासंचय हा स्थूलतेचा एक गंभीर परिणाम आहे. पण तो म्हणजे स्थूलता नव्हे.

परीक्षणातील अडचणी : माशावरील आहार-प्रयोगात सर्वांत नाजूक बाब म्हणजे संयुग देण्याची रीत. ते पाण्यात विरघळविल्यास प्रत्येक माशाच्या शरीरात किती गेले, हे कळत नाही. खाद्यात मिसळल्यास धीट मासा अधिक खातो व दबलेला मासा कमी खातो. फ्लॅव्होनॉइडे पुष्कळदा कडू वा तुरट असतात. मिश्रित खाद्य माशांना न रुचल्यास ते कमी खातील व केवळ उपासाने त्यांची वसा घटेल. म्हणून दोन्ही गटांनी प्रत्यक्ष किती खाद्य खाल्ले, याची नोंद असल्याखेरीज औषधी गुणाचा निष्कर्ष काढता येत नाही. १९३६ च्या गिनिपिगांच्या प्रयोगातील क जीवनसत्त्वाचा लेश व आजच्या माशांचे न खाल्लेले खाद्य या एकाच जातीच्या अडचणी होत. दोन्ही ठिकाणी गटांमध्ये संयुगाखेरीज दुसराही फरक शिरलेला असण्याचा धोका असतो.

दुसरी अडचण शरीररचनेची. झेब्रा मासा हा अनियततापी प्राणी असून प्रयोगशाळेत सु. २८° से. तापमानाच्या पाण्यात वाढतो. शरीर उबदार राखण्यासाठी सस्तन प्राण्यांना खर्चावी लागणारी ऊर्जा त्याला लागत नाही. साहजिकच ऊर्जेच्या जमाखर्चात मोठा भेद पडतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लेप्टिनाचे कार्य बंद पडलेले झेब्रा मासे स्थूल होत नाहीत, असे आढळले. मात्र त्यांच्या ग्लुकोजाच्या नियमनात बदल झाले होते. ज्या हॉर्मोनाच्या अभावी उंदीर व मनुष्य अतिस्थूल होतात, ते माशात वसेच्या साठ्याचे नियमन त्याच प्रकारे करीत नाही. यावरून भूक व वसासंचय यांच्या मेंदूतील नियमनाविषयी माशावरून अनुमान करणे धोक्याचे असून, यकृतातील वसेच्या चयापचयाविषयी ते अधिक भरवशाचे आहे, असे म्हणता येते.

तिसरी अडचण मात्रेची. ३२ मिग्रॅ. हे प्रमाण तसेच धरून ६० किग्रॅ. वजनाच्या मनुष्याचा हिशोब केल्यास रोज १,९२० मिग्रॅ. एरिओसिट्रिन लागेल. लिंबाच्या रसात ते जाती व ऋतू यांनुसार कमीजास्त असते, १०० मिलि. रसात २० मिग्रॅ. धरले, तरी ही मात्रा भरून येण्यास सु. साडेनऊ लिटर रस लागेल. असे सरळ गुणाकार शास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य नाहीत, कारण प्राण्याच्या आकारमानानुसार चयापचयाचा वेग बदलतो; तथापि रोज सकाळी लिंबूपाणी घेणे व प्रयोगातील मात्रा यांत केवढे अंतर आहे, हे त्यावरून कळते. शिवाय मनुष्याच्या आतड्यात एरिओसिट्रिन जसेच्या तसे फारसे शोषले जात नाही. मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजंतू त्याची शर्करा तोडतात व उरलेल्या रेणूचेही लहान अम्लांत रूपांतर करतात. कोशिकांवरील प्रयोगात जे संयुग वापरले जाते, ते मनुष्याच्या यकृतापर्यंत त्याच रूपात पोहोचतेच असे नाही.

मानवी परीक्षणे व मूल्यमापन : लिंबातील, मुख्यतः एरिओसिट्रिनयुक्त, फ्लॅव्होनॉइडांचे मानवी परीक्षण ब्राझीलमध्ये झाले व २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींचे यादृच्छिक गट करून त्यांना बारा आठवडे रोज २००, ४०० किंवा ८०० मिग्रॅ. द्रव्य अथवा निर्गुण गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळाले, हे रोगी व परीक्षक या दोघांनाही ठाऊक नव्हते. द्रव्य मिळालेल्यांच्या रक्तातील ग्लुकोज सु. ५ टक्क्यांनी घटले व मात्रा वाढविल्याने लाभ वाढला नाही. हा परिणाम मधुमेहपूर्व अवस्थेसंबंधी होता. स्थूलतेवरील उपाय म्हणून हे द्रव्य त्यातून सिद्ध झाले नाही.

सिट्रिनाच्या प्रयोगापासून या परीक्षणापर्यंत त्र्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. सेंट-द्यॉर्डी यांची निरीक्षणे अप्रामाणिक नव्हती. मिश्रण शुद्ध नव्हते, प्राण्यांचा आहार काटेकोर नव्हता आणि जीवनसत्त्व ही संज्ञा पुराव्यापुढे धावली होती. झेब्रा माशाने शुद्ध संयुग, अल्प मात्रा व यकृतातील प्रक्रियेचे थेट दर्शन या बाबतींत ते उणेपण पुष्कळसे भरून काढले. परंतु निवडीची पहिली चाळण एवढेच त्याचे स्थान आहे. माशात आढळलेला गुण उंदरात, उंदरातील गुण माणसात व माणसातील गुण दुसऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेत पुन्हा आढळला, म्हणजेच तो औषधी गुण म्हणून ग्राह्य धरता येतो. एखादे फळ वा त्याचा अर्क ‘चरबी विरघळवितो’ अशी जाहिरात वाचनात आल्यास प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला, मात्रा किती होती, तुलनेच्या गटाला काय मिळाले आणि प्रयोग पुन्हा कोणी करून पाहिला, हे चार प्रश्न विचारणे आवश्यक आहे. यांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे न मिळाल्यानेच ‘पी जीवनसत्त्व’ हे नाव इतिहासजमा झाले.